वासरांची नावं काकू ठेवायची

आमच्या घरात वासराला जन्मल्याबरोबर नाव देत नसत. गाय व्याली की आधी चिकाचे दिवस असायचे. आई खरवस करून वाट्या शेजारपाजारी पाठवायची, गायीला गूळ घालून शिजवलेली बाजरी द्यायची. चीक संपून दूध चहात घालण्याजोगं झालं की त्या सकाळी आबा गोठ्यात जायचे, वासराच्या पाठीवर हात ठेवायचे आणि नाव सांगायचे.

आबा म्हणजे माझे आजोबा. आमचं गाव गेवराईपासून एसटीनं तासाभरावर. जमीन कोरडवाहू, त्यात बाजरी, तूर, कापूस. गोठ्यात बैलजोडी आणि दोन-तीन गायी. आबांची नावं ठरलेली असायची. अंगानं तांबडी असली तर तांबडी, कपाळावर पांढरा ठिपका असला तर चांदी, मंगळवारी झाली तर मंगळी. खोंड झाला तर राजा किंवा सर्जा. एखादा राजा विकला गेला की आबा म्हणायचे, नाव मोकळं झालं, आणि पुढच्या खोंडाला तेच नाव मिळायचं. देवाचं नाव मात्र ते कधी ठेवत नसत. जनावराला दिवसातून चार वेळा शिव्या द्याव्या लागतात, तिथं देवाचं नाव कशाला, असं त्यांचं म्हणणं.

एका लाल गायीला मात्र त्यांनी माणसातल्या मुलीचं नाव ठेवलं होतं. ती कालवड असल्यापासून त्यांच्या मागं मागं फिरायची. ते नाव मी इथं लिहीत नाही, कारण ते पुढं माझ्या काकूचं निघालं.

काकांचं लग्न ठरलं ते परळीच्या मुलीशी. तिचे वडील तिथल्या वीज केंद्रात कामाला होते, ती कॉलनीतल्या क्वार्टरमध्ये वाढलेली. सुपारी फुटली, पत्रिका छापायची वेळ आली, तेव्हा आमच्याकडे कळलं की नवरीचं आणि लाल गायीचं नाव एकच आहे. घरात हसून हसून पुरेवाट झाली. आबांना मात्र त्यात काही अडचण दिसत नव्हती. लग्नात नवरीचं नाव बदलतातच, नवं काहीतरी ठेवू, असं त्यांनी सांगून टाकलं.

लग्न लागलं, नवरी घरी आली, तांदळाचं ताट पुढं ठेवलं गेलं. काकांनी अंगठी हातात घेतली. त्यांना पढवून ठेवलेलं नाव ते तांदळात लिहिणार, तेवढ्यात नवरी खाली मान घालूनच हळू पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "आहे तेच लिहा."

काकांनी आबांकडं पाहिलं, मग नवरीकडं पाहिलं, आणि आहे तेच लिहिलं.

खरी पंचाईत दुसऱ्या दिवसापासून सुरू झाली. आबा गोठ्यातून सवयीनं गायीला हाक मारायचे आणि स्वयंपाकघरातून काकू पदर सावरत बाहेर यायची, "आले मामा." गाय धार काढताना पाय झाडायची आणि आबांच्या तोंडात आलेली शिवी तशीच राहायची. नव्या सुनेचं नाव घेऊन शिवी कशी देणार? चार-सहा दिवसांत ते बेजार झाले. एका सकाळी त्यांनी काकूला गोठ्याच्या दारात बोलावलं आणि म्हणाले, "पोरी, तू तुझं न्हाई बदललंस. आता हिचं तूच बदल."

काकूला तोवर गाईगुरांची सवय नव्हती. शेणाची पाटी डोक्यावर घेताना तिची मान आखडायची. तिनं लगेच नाव सांगितलं नाही. दोन दिवस येता-जाता ती गोठ्यात उभी राहून गायीकडं बघत असायची. मग आबांना म्हणाली, "परळी म्हणा."

आबा हसले, पण नाव त्यांना आवडलं. लई सोपं हाय, तोंडात बसतंय, म्हणाले. गावात काही दिवस चेष्टा चालली. परळी चरायला गेली, परळी पाणी पिऊन आली, परळीला गोचीड झाले. काकू स्वतः दिवसातून किती वेळा ते नाव घ्यायची. मला तेव्हा कळत नव्हतं, पण आमच्या घरात नव्या सुनेनं सारखं माहेराचं नाव काढलेलं चालत नसे. गायीच्या निमित्तानं तिला ते मोकळेपणानं घेता यायचं. हे तिनं मला फार नंतर, मी स्वतः सासरी गेल्यावर सांगितलं.

त्यानंतर वासरांची नावं काकूच ठेवू लागली. कुणी तिला तसं सांगितलं नाही. आबा एका सकाळी वासराच्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले आणि तिच्याकडं बघू लागले, एवढंच. तिची पद्धत वेगळी होती. वासरू काय करतंय ते आधी बघायचं, मग नाव. आम्हा पोरांना ती विचारायची, आज यानं काय केलं सांगा. शाळेतून आलं की दप्तर टाकून आम्ही गोठ्यात पळायचो. एक कालवड सगळ्यांच्या आधी दाव्याला ओढ द्यायची, तिचं नाव पडलं घाई. एक खोंड नाकातून फुर्र फुर्र आवाज काढत पळायचा, तो इंजिन. परळी स्टेशनात इंजिन उभं असतं तेव्हा असंच करतं, असं काकू सांगायची. आमच्यातल्या कुणी तोवर रेल्वे पाहिली नव्हती. एका उंच पायांच्या राखाडी कालवडीचं नाव तिनं चिमणी ठेवलं. आम्हाला वाटलं, अंगणात येते ती चिमणी. मग मी काकूसोबत तिच्या माहेरी गेले आणि वीज केंद्राची ती आभाळात गेलेली चिमणी, धूर सोडणारी, पाहिली, तेव्हा मला आमच्या कालवडीचे पाय आठवले.

मग पाऊस मागं राहिला. पहिलं वर्ष कसंबसं निघालं, दुसऱ्या वर्षी विहिरीचा तळ दिसला. कडब्याची गंज उन्हाळ्याच्या आधीच संपली. आबांनी चांदीला बाजारात नेलं. सौदा झाला, दावं दुसऱ्याच्या हातात गेलं, आबा पाठ फिरवून निघाले आणि सवयीनं तोंडातून निघून गेलं, चल गं चांदे. ती नव्या मालकाला ओढत त्यांच्या मागं आली. लोकांनी तिला धरून परत नेलं. आबा घरी आले ते भाकरीला नाही म्हणून बाजेवर पडून राहिले.

परळी तेव्हा गाभण होती. दुसऱ्या दिवशी आबांनी काकूला सांगितलं, "हिचं जे होईल त्याला नाव ठेवू नको. नाव ठेवलं की न्यायला पाय उचलत न्हाई." काकूनं मान हलवली.

सहकारी साखर कारखान्यानं रस्त्याकडेच्या माळावर चारा छावणी काढली होती. बांबू रोवून वर उसाचं पाचट टाकलेलं, खाली जनावरांच्या रांगा, मध्ये पाण्याचे हौद आणि ते भरायला टँकर. आमची उरलेली जनावरं घेऊन काका-काकू तिथंच राहायला गेले. मला उन्हाळ्याची सुट्टी लागली आणि मीही त्यांच्याकडं गेले. मला तर ती जत्राच वाटली. जनावरांना ऊस यायचा, त्यातलं एखादं कांडं आम्हाला मिळायचं. गावोगावची माणसं, गावोगावच्या गायी. सगळ्यांनी आपल्या बैलांची नावं राजा नि सर्जाच ठेवलेली. कुणी राजा म्हणून हाक मारली की अख्खी रांग वळून बघायची. इंजिन म्हटल्यावर मात्र एकच मान वर व्हायची आणि लोक विचारायचे, हे कसलं नाव.

आमच्या शेजारच्या दावणीला एक म्हातारी मावशी होती, तिची एकच म्हैस. नवरा नव्हता, लेक पुण्याकडं कामाला. तिनं खांबाला बाबासाहेबांचा फोटो बांधला होता आणि रोज सकाळी फडक्यानं तो पुसायची. काकूचं आणि तिचं चांगलं जमलं. भाजी एकीनं करायची, भाकरी दुसरीनं.

परळी छावणीतच व्याली. कालवड झाली, आईसारखी लाल, फक्त शेपटीचा गोंडा पांढरा. दूध बेताचंच होतं, म्हणून काकू ते बहुतेक कालवडीलाच सोडायची. मावशीनं विचारलं, नाव काय गं हिचं? काकू म्हणाली, नाही अजून. दुसऱ्या दिवशी टँकरवाल्यानं विचारलं, तेच उत्तर. मग पलीकडच्या रांगेतल्या बायांनी विचारलं, पोरांनी विचारलं, आणि काकू सगळ्यांना तेच सांगत राहिली. एका सकाळी कालवड दावं सोडून हौदाकडं पळाली आणि मावशी तिच्या मागं ओरडत गेली, "ए अजून, थांब की गं." रांगेत हशा पिकला. दुपारपर्यंत पोरं तिला अजून म्हणून हाका मारायला लागली. काकू कुणाला काही म्हणाली नाही, पण ती स्वतः मात्र ते नाव घेत नव्हती. चुचकारून बोलवायची, नुसतं ये ये म्हणायची.

आबा आले ते व्यापाऱ्याला सोबत घेऊनच. दुभती गाय आणि तिची कालवड, अशी जोडी त्यानं मागितली होती. व्यापारी झाडाखाली चहा प्यायला बसला आणि आबा एकटे दावणीपाशी आले. मी तिथंच होते. त्याच वेळी मावशी वाढ्याची, उसाच्या हिरव्या शेंड्यांची, पेंडी घेऊन आली आणि तिनं नेहमीसारखी हाक मारली. अजून टुणटुण उड्या मारत तिच्याकडं गेली.

आबांनी काकूकडं वळून विचारलं, "कावून गं? न्हाई म्हणलं हुतं ना?"

"मी नाही ठेवलं, मामा," काकू म्हणाली. "लोक विचारायचे, मी नाही अजून म्हणायचे. त्यांनी तेच ठेवलं."

आबा बांबूला टेकून खाली बसले. कालवड त्यांच्याजवळ आली, धोतराचा सोगा चघळू लागली. त्यांनी तो तिच्या तोंडातून काढून घेतला, तिनं पुन्हा धरला. ते बराच वेळ तिच्या कानाच्या मुळाशी खाजवत राहिले. मावशीनं त्यांना पाणी दिलं. तिनं म्हशीचं कसं चाललंय ते सांगितलं, आबांनी आमच्या विहिरीचं सांगितलं. ऊन कलल्यावर ते उठले आणि इंजिनचं दावं सोडलं. गायीपेक्षा त्याला चारा जास्त लागतो, आणि पेरणी तर कुठंच दिसत न्हाई, एवढंच काकांना म्हणाले.

काकूनं इंजिनला कपाळावर हळद-कुंकू लावलं, हातानं ऊस भरवला. मी रडत होते. व्यापाऱ्यानं दावं घेतलं आणि बैल जागचा हलेना. व्यापारी त्याला राजा राजा म्हणत होता. आबा पुढं झाले आणि त्याला म्हणाले, "याला इंजिन म्हणत जा. तेवढंच ऐकतोय." व्यापाऱ्याला आधी ते खरं वाटलं नाही. मग त्यानं तसं म्हटलं आणि इंजिन त्याच्यामागं चालू लागला. तो वळणाआड जाईपर्यंत काकू उभी होती. आबा छावणीत मुक्कामाला राहिले, मावशीच्या हातची भाकरी खाल्ली आणि सकाळी घरी गेले.

पुढं पाऊस झाला, छावणी उठली. निघताना मावशीनं कालवडीच्या गळ्यात लाल-निळ्या सुताचा गोफ बांधला. ती आणि काकू नंतर कितीतरी वर्षं बाजारात भेटायच्या, एकमेकींच्या जनावरांची खुशाली विचारायच्या.

गावात बायांची दूध सोसायटी निघाली तेव्हा परळी आणि अजून, दोघींचं दूध तिथं जायचं. पहिल्या बैठकीत साहेबानं ओळख करून द्यायला सांगितलं तर बाया नवऱ्याचं नाव घ्यायला लाजू लागल्या. मग कुणी म्हणालं, गायीचं नाव सांगा, आणि एकदम सगळ्याजणी बोलायला लागल्या. काकू परळीवाली झाली, ती कायमचीच. पुढं तिला सोसायटीची चेअरमन केलं, तेव्हाही गाव तिला परळीवालीच म्हणायचं. कुणाची गाय व्याली की बाया दुधाचं भांडं घेऊन रांगेत उभ्या असताना तिला सांगायच्या, अशी अशी करतीय, काय ठेवू? आमच्या गावातल्या कितीतरी गोठ्यांत तिची नावं होती.

आबा शेवटच्या वर्षांत गोठ्यापर्यंत जाऊ शकत नव्हते. दम लागायचा. बाज अंगणात टाकली होती. काकू सकाळी धार काढून आली की तिला थांबवून विचारायचे, काय करतंय नवं? आणि ती चरवी खाली ठेवून त्यांना सगळं सांगायची. कधी वासराला सोडून त्यांच्या बाजेपाशीच आणायची. आबा गेले त्या वर्षी झालेल्या कालवडीचं नाव तिनं त्यांना ठेवायला लावलं. त्यांनी दोन दिवस बघितलं आणि म्हणाले, ही माझी काठी पाडती सारखी, काडी म्हणा. काडी बरीच वर्षं घरात होती.

आता मी बीडला असते. सोसायटी बंद पडली, खासगी गाडी दारात येऊन दूध नेते. काकांनी बहुतेक जमीन बटईनं दिली आहे. गोठ्यात अजूनच्याच वंशातल्या दोन गायी आहेत. त्यातली थोरली परवा व्याली म्हणून काकूचा फोन आला. खोंड झाला होता, आणि तो उभा राहिल्यापासून अंगणात लावलेल्या मोटारसायकलच्या आरशातच बघत बसलाय, असं ती सांगत होती. माझ्या लेकीनं माझ्या हातातून फोन घेऊन दोन-तीन नावं सुचवली. काकूला एकही पटलं नाही. मग त्या दोघी बराच वेळ त्या खोंडाबद्दलच बोलत राहिल्या. फोन परत माझ्याकडं आला तेव्हा तिनं विचारलं, चीक ठेवलाय फ्रीजमध्ये, कुणासोबत पाठवू? मी म्हटलं, पाठवू नको, रविवारी आम्हीच येतो.