तलैयावाले बाबूजी

“थांबा राजेहो, आधी पाणी बसू द्या.”

तळ्याच्या काठावर कोणी पाऊल ठेवलं की हे वाक्य ठरलेलं. बाबूजी उकिडवे बसलेले, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, हातात सुतळी आणि सुतळीच्या टोकाला कँटीनची जुनी पांढरी थाळी. थाळीवर काळे पट्टे ओढलेले, सुतळीला वीतभर अंतरावर गाठी. पाणी स्थिर झालं की थाळी हळूहळू आत सोडायची आणि शेजारी जो उभा असेल त्याला विचारायचं, “दिसते?”

“दिसते.”

“आता?”

“नाही दिसत.”

“म्हणजे दोन गाठी. लिहा.”

आणि लिहायचं कुणी? आपण! मी ऑफिसला निघालेलो, डबा हँडलला लटकलेला, आणि हा माणूस माझ्या हातात वही कोंबणार. तुमच्याही कॉलनीत असा एखादा असेलच. असला तर तुम्हीही त्याला बघून सायकल दुसऱ्या गल्लीत वळवली असेल. मी तर कित्येकदा वळवली.

ते आमच्याच कारखान्यात, पाण्याच्या प्रयोगशाळेत होते. बॉयलरला जाणारं पाणी तपासायचं, हे काम. मूळचे नागपूरचे. भोपाळला येऊन सगळा जन्म गेला तरी ‘काहून’ आणि ‘करून राहिले’ काही सुटलं नाही. मी टाउनशिपच्या ऑफिसात, सिव्हिलच्या टेबलावर हेडक्लार्क, आणि वरून महाराष्ट्र मंडळाचा सेक्रेटरी. त्यामुळे त्यांच्या दृष्टीने मी दुहेरी उपयोगाचा प्राणी होतो.

भोपाळात एक म्हण आहे, ‘तालों में ताल भोपाल ताल, बाकी सब तलैया.’ आमच्या टाउनशिपमध्ये त्या ‘बाकी सब’पैकी तीन होत्या. एकीचं पाणी भरलं की दुसरीत, दुसरीचं तिसरीत, अशी तीन लहान तळी. वरच्या तळ्यात क्वार्टर्समागचा नाला पडायचा. साबणाचं पाणी, स्वयंपाकघरांचं खरकटं, सगळं त्यातून येणार. वर जलकुंभीचा, म्हणजे आपल्या जलपर्णीचा, हिरवागार गालिचा आणि खाली काळा चिखल. उन्हाळ्यात असा वास सुटायचा की शेजारच्या सोनागिरी वस्तीतून येणारे पाहुणे पहिल्या घोटाआधी चहाचा कप हुंगून बघायचे.

“बॉयलरच्या पाण्यात एवढंसं काही निघालं तर रात्रपाळीचा साहेब धावत येते,” ते म्हणायचे, “अन् इथं हजार माणसं श्वास घेऊन राहिली, तर कोणीच येत नाही. काहून?”

काहून ते मला चांगलं ठाऊक होतं. तळी साफ करावीत असा त्यांचा अर्ज माझ्याच टेबलावर यायचा. मी तो हेल्थला पाठवायचो. हेल्थवाले म्हणायचे, झाडपाला आहे, हॉर्टिकल्चरला द्या. हॉर्टिकल्चरवाले म्हणायचे, पाणी आहे, सिव्हिलचं काम. फिरून फिरून अर्ज माझ्याकडे. आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय, असा तो कारभार! आणि त्या आंधळ्यांच्या रांगेत मीही होतो, हे आज कबूल करायला हरकत नाही.

त्यांची जीभ मात्र अशी तिखट की विचारू नका. एकदा एका बड्या इंजिनियरसाहेबांनी तळ्याभोवती रंगीत दिवे लावायचं ठरवलं. हे भर मीटिंगमध्ये उठून म्हणाले, “साहेब, आजारी माणसाला पावडर लावून राहिले तुम्ही.” साहेबांचा चेहरा पडला आणि यांचं प्रमोशन एक वर्ष पुढे गेलं. बायकोने बोल लावले, तर म्हणाले, “जाऊ दे, पाण्याला कुठं माझा ग्रेड ठाऊक आहे.”

आम्हा मंडळवाल्यांनाही त्यांनी सोडलं नाही. विसर्जनाच्या दिवशी मिरवणूक मधल्या तळ्याशी आली, तर हे घाटाच्या पायरीवर आडवे उभे. मागे भंगारातून मिळवलेली एक लोखंडी टाकी, पाण्याने भरलेली, भोवती झेंडूच्या माळा. म्हणाले, बाप्पा इथं बुडतील. झालं! लोक खवळले. कुणी नास्तिक म्हटलं, कुणी विदर्भाचं नाव काढलं. मीसुद्धा ओरडलो, “अहो, तुम्ही कोण ठरवणार?” त्यावर ते मलाच म्हणाले, “सेक्रेटरी, मी सकाळ-संध्याकाळ गणपतीला हात जोडतो. म्हणूनच त्याला गटारात टाकवत नाही.” बाप्पा टाकीत गेले. मी पुढे आठ दिवस त्यांच्याशी बोललो नाही. नवव्या दिवशी त्यांनीच हाक मारून वही माझ्या हातात दिली.

शेवटी ऑफिसकडून काही होत नाही म्हटल्यावर त्यांनी स्वतःच सुरुवात केली. दर रविवारी पाण्यात उतरून जलकुंभी ओढून काढायची आणि काठावर वाळत टाकायची. आणि नाला जिथे तळ्यात शिरतो तिथे पटेरा लावायचा. पटेरा म्हणजे आपलं पाणकणीस हो, ते लांब पात्यांचं, वर तपकिरी कणीस येतं ते. कुठल्या कुठल्या डबक्यांतून मुळं उपटून आणली आणि चिखलात खोचली. म्हणायचे, नाल्याचं पाणी याच्या मुळांतून हळूहळू गाळत आलं की घाण तिथेच अडते, झाड ती खातं. आम्ही हसलो. हिरवं काढायचं आणि हिरवंच लावायचं, हा कुठला उद्योग?

तीन वर्षं हे चाललं. पटेरा पुरुषभर वाढला. वरचं तळं गढूळच राहिलं, मधलं बरं झालं आणि खालच्या तळ्यात थाळी पाच गाठींपर्यंत दिसायला लागली. एक दिवस सकाळी मीच ‘दिसते, अजून दिसते’ म्हणत होतो, आणि सहावी गाठ पाण्यात गेली तेव्हा मी सायकल सोडून खाली वाकलो. खरं सांगतो, मला तेव्हा पहिल्यांदा त्या माणसाचा हेवा वाटला. त्या दिवसापासून मी गल्ली बदलणं बंद केलं.

“अजून दोन गाठी, सेक्रेटरी,” ते म्हणाले. “मग तळच लागते. रिटायर व्हायच्या आधी खालच्या तळ्याचा तळ दिसला पाहिजे, बस. क्वार्टर सोडताना दुसरं काही न्यायचं नाही मला.”

रिटायरमेंटला तेव्हा वर्षही उरलं नव्हतं.

आता पुढचं सांगताना माझाच मला राग येतो, म्हणून घाईने सांगतो.

शेवटच्या महिन्यात ते पंधरा दिवस रजा घेऊन नागपूरला गेले. घराची डागडुजी करायची होती. निवृत्तीच्या दिवशी सकाळच्या गाडीने परतणार आणि थेट कारखान्यात जाणार होते. जाताना मला सांगून गेले, “पटेरा वाळला आहे, कापून घ्या. नाहीतर पाण्यात पडून कुजते.” आणखीही काहीतरी सांगितलं. मी मान हलवली. आम्ही क्लार्क लोक मान फार छान हलवतो.

त्याच आठवड्यात वरून निरोप आला की दिल्लीचे मोठे साहेब टाउनशिप बघायला येणार. झालं, चुना आला, गेरू आला, झाडांचे बुंधे रंगायला लागले. पब्लिक सेक्टरमध्ये जो राहिला आहे त्याला हे सांगायला नको. आणि माझ्या डोक्यात कल्पना आली. माझ्याच, दुसऱ्या कुणाच्या नाही. म्हटलं, या माणसाने जन्मभर एकट्याने तळं उपसलं. निरोपाला शाल-श्रीफळ तर सगळेच देतात. आपण त्यांना त्यांचं तळं देऊ, लख्ख करून!

रविवारी श्रमदान ठेवलं. अख्खं मंडळ आलं, इंद्रपुरीतून दोन भजनी मंडळं आली, सिव्हिलने फावडी दिली. बायकांनी पोहे केले. मी काठावर भोंगा घेऊन उभा. एकाने वाळका पटेरा विळ्याने कापायला घेतला तेव्हा मीच भोंग्यावरून ओरडलो, “अहो, कापताय काय नुसते! मुळासकट काढा, पुन्हा उगवता कामा नये!” अर्धवट काम मला आवडत नाही ना! दुपारपर्यंत नाल्याचं तोंड साफ. मुळं ट्रॅक्टरमध्ये भरून लांब फेकून दिली. शिवाय हेल्थवाल्यांनी तिन्ही तळ्यांत ब्लीचिंग पावडरची पोती रिकामी केली. पाणी पांढरंशुभ्र झालं. काठाने चुन्याची रेघ मारली आणि मी घरी येऊन समाधानाने झोपलो.

निवृत्तीच्या दिवशी आमच्याकडची रीत म्हणजे गेटपासून घरापर्यंत मिरवणूक. उघडी जीप, बँड, गुलाल, गळ्यात हार, डोक्याला फेटा. त्यांना जीपवर उभं केलं होतं. लोकांना हात हलवत होते, लाजत होते. मी ड्रायव्हरला आधीच सांगून ठेवलं होतं, जीप तळ्यावरून घे.

खालच्या तळ्याशी जीप थांबली. बँड थांबला. मी दोन्ही हात पसरून म्हणालो, “घ्या! तुमचं तळं!”

ते खाली उतरले. पाण्याकडे बघितलं. काठाला बोटाएवढे मासे उलटे तरंगत होते, ते आम्हाला कुणालाच दिसले नव्हते. मग त्यांनी वर, नाल्याच्या तोंडाकडे बघितलं. तिथे आता अडवणारं काही नव्हतं. काळं पाणी धाड-धाड वरच्या तळ्यात पडत होतं. हार घातलेला तो माणूस तिकडे बघत राहिला, आणि माझ्या कानात त्यांचं ते अर्धंच ऐकलेलं वाक्य तेव्हा, तेव्हा कुठे पुरं झालं. वरचं कापा, मुळाला हात लावू नका.

गणपती करायला गेलो आणि मारुती करून बसलो होतो मी! वाटलं, आता हा माणूस फाडून खाणार आपल्याला. खावं. सगळ्यांसमोर खावं.

“कुछ बोलिए, बाबूजी!” मागून कुणीतरी ओरडलं.

त्यांनी हात जोडले. “आप लोगों ने बहुत मेहनत की,” म्हणाले. “बहुत मेहनत.” कुणीतरी पेढा पुढे केला. त्यांनी तो तोंडात टाकला आणि पुन्हा जीपवर चढले. बँड सुरू झाला.

क्वार्टर रिकामं करायला मुदत होती. तेवढ्या दिवसांत पटेरा परत रुजत नाही, तीन वर्षं लागतात, हे आता मलाही कळत होतं. मी चार रोपं आणून चिखलात खोचली, ती आठवड्यात वाहून गेली. ते सामान बांधत होते. मी रोज संध्याकाळी जाऊन बसायचो. ते चहा द्यायचे, नागपूरच्या घराचं बोलायचे, टाकीचा नळ कसा गळतो वगैरे. तळ्याचं अक्षर नाही. ट्रक निघाला त्या दिवशी माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “मंडळ सांभाळा.”

साहेबांना त्यांच्या तोंडावर बोलणारा माणूस. गणपतीच्या मिरवणुकीला आडवा गेलेला माणूस. आणि मला एक शब्द नाही! मला वाटलं, त्यांना ठाऊकच नसेल. हे सिव्हिलच्या साहेबांचं काम समजत असतील. मी तसंच समजू दिलं. हेही कबूल करतो.

वर्षभराने न राहवून मी नागपूरला फोन लावला. खालचं तळं तोवर पुन्हा जलकुंभीने भरलं होतं. आवाज ओळखून ते खूश झाले. बायकोची तब्येत, मुलांच्या परीक्षा, भोपाळचा थंडी-पाऊस, सगळं विचारलं.

“एक सांगायचं होतं,” मी म्हणालो. “ते श्रमदान... ती कल्पना माझी होती. मुळासकट काढा, मीच ओरडलो होतो. भोंग्यावरून.”

“ठाऊक आहे न,” ते म्हणाले. “जीपवर चढायच्या आधीच कोणीतरी सांगितलं. ‘सेक्रेटरीने खूप धावपळ केली तुमच्यासाठी,’ म्हणे.”

“मग बोलला का नाहीत हो? एक शब्द तरी बोलायचा होतात!”

“दुसऱ्या कोणी केलं असतं तर सोडलं नसतं त्याला,” ते म्हणाले. “पण तुम्ही इतके खूश उभे होते, हात पसरून. अन् मग भांडायचं कोणाशी?”