गणिताचा पेपर चालू असताना

एम.एस.साठी अमेरिकेत अर्ज करायचा तर एक प्रवेशपरीक्षा द्यावी लागते. पहिल्या खेपेला मी गणितात आपटले. मी, इंजिनिअर! अर्जाची मुदत डिसेंबरच्या मध्यावर, आणि मला हव्या त्या विद्यापीठात तेवढ्या गुणांना कुणी विचारणार नव्हतं. मी चिडून पुस्तकं माळ्यावर टाकली.

ती खाली काढायला लावली शेजारच्या घरातल्या थोरल्या काकांनी, बाबांच्या सख्ख्या भावानं. वसईच्या शाळेत जन्मभर गणित शिकवलेला माणूस, आता छातीच्या दुखण्यानं घरी बसलेला. "अपूर्णांकांना घाबरणारी इंजिनिअर पहिल्यांदाच बघतोय," म्हणाले. "बस इथं." मग रोज दुपारी केळीच्या वाडीकडे तोंड करून आम्ही त्यांच्या ओट्यावर बसायचो. प्रश्न मी इंग्रजीत वाचायचे, ते मराठीत सोडवायचे. मी घाई केली की म्हणायचे, "अगं, गाडी सुटतेय का तुझी?" मला असा राग यायचा! पण गणित यायला लागलं.

दुसऱ्या खेपेला केंद्रावर मुदतीआधीची तारीखच मिळेना, म्हणून परीक्षा घरूनच द्यायची ठरली. कॅमेऱ्यातून कुणीतरी सतत पाहत असतं. खोलीत कुणी आलं किंवा मी उठले, की परीक्षा रद्द. बाबा दाराबाहेर खुर्ची टाकून राखणीला बसले.

शेवटचं बटण दाबलं आणि गुण पडद्यावर आले. हवे होते त्याहून जास्त! दार उघडलं तर खुर्चीत बाबा नव्हते. मी तशीच काकांकडे पळाले.

त्यांच्या अंगणात अर्धं गाव बसलेलं. कुणी बोलत नव्हतं. बाबांनी मला धरलं आणि सांगितलं. परीक्षा सुरू झाल्यावर थोड्याच वेळात काका गेले होते.

आमच्या गावात कुणी गेलं की चर्चची घंटा वाजते. ती ऐकली की वाडीतला माणूस विळा खाली ठेवतो, घरातली बाई गॅस बंद करते, आणि सगळे गेलेल्याच्या आत्म्यासाठी प्रार्थना म्हणतात. बाबांनी फादरना विनवून ती घंटा थांबवली होती. ऐकून मी उठले असते, म्हणून.

"चुलीत जाऊ दे ती परीक्षा!" मी ओरडले. "त्यांच्या वाटची प्रार्थना अडवून ठेवलीत तुम्ही?" भाऊ बाबांचा गेला होता आणि मी त्यांनाच बोलत होते.

आत काकू काकांच्या उशाशी बसल्या होत्या, तोंडात पदर कोंबून. मला पाहून त्यांनी पदर बाजूला केला.

"संपली का गं परीक्षा?"

मी होकारार्थी मान हलवली. तेव्हा कुठे काकूंनी हंबरडा फोडला.