शोरूममधला पुरीचा डबा

गारखेड्यात आमच्या गल्लीतली पहिली मोटार आमच्या घरी येणार होती, त्यामुळं त्या सकाळी घरात कुणीच शुद्धीवर नव्हतं. वडिलांनी सदऱ्याला दोनदा इस्त्री केली. आई लग्नातला शालू नेसली. शेंद्र्याहून आत्या पूजेचं ताट आणि पुरी-भाजीचा डबा घेऊन आली. मी आणि ताई कॉलेज बुडवून निघालो. पाचही जण एकाच रिक्षात कोंबून शोरूमला पोचलो.

"पाच मिनिटं बसा," टायवाला सेल्समन म्हणाला आणि आत गेला. बसायला खुर्ची एकच, तीही त्याची. तासाभरानं तो चहाचा कप घेऊन बाहेर आला. वडिलांनी अदबीनं गाडीचं विचारलं.

"कोणती गाडी? बघतो. पाच मिनिटं."

दुपार झाली, आत्याचे पाय भरून आले. शोरूमच्या मधोमध एक चकचकीत गाडी उभी होती. आत्यानं सरळ तिचं दार उघडलं आणि ताटासकट मागच्या सीटवर बसली. "वहिनी, ये गं. लई मऊ हाय!"

आई बसली, ताई बसली, मी शिरलो. शेवटी वडीलही इकडंतिकडं बघत स्टिअरिंगपुढं बसले. आत्यानं डबा उघडला. भाजीचा वास शोरूमभर गेला आणि पुरी घ्यायला वळताना वडिलांच्या कोपरानं हॉर्न वाजला.

सेल्समन पळत आला. "अहो, ही डिस्प्लेची गाडी आहे!"

"व्हय का? मग आमची कुठंय?" आत्या म्हणाली. "आण की. तोवर पुरी खा."

ताईला हसू फुटलं, मग आईला, मग कुणालाच आवरेना. मॅनेजर धावत आले, उतरा म्हणून विनवू लागले. जन्मात कुणाला उलटून न बोललेले माझे वडील काच खाली करून म्हणाले, "पाच मिनिटं."

बघता बघता आमची गाडी दारात आली. अंगभर धूळ. आत्यानं धुळीतच स्वस्तिक काढलं, नारळ फोडला आणि आम्ही जालना रोडला लागलो. थोडं पुढं जाताच गाडी बंद! शोरूमवाल्यांनी पेट्रोलच टाकलं नव्हतं.

शालू खोचून आई, मागं ताई नि मी, सगळे हसत हसत गाडी ढकलत होतो. वडील आत, मान ताठ, हातात स्टिअरिंग. पंपावर पोचेपर्यंत चार अनोळखी माणसंही हात लावायला आली होती. आत्यानं त्यांना उरलेल्या पुऱ्या वाटल्या.

संध्याकाळी वडिलांनी सगळ्यांना जिलेबी खायला शहागंजला नेलं. गर्दीत गाडी शिरेना. मग लांब उभी केली आणि चालतच गेलो.