काकाची लाल शू

माझी लेक तेव्हा चार वर्षांची. खोकून खोकून तिच्या बरगड्या दिसायला लागलेल्या. ठाकुर्लीच्या डॉक्टरांनी बाळदमा म्हणून घरी पाठवलं, कल्याणच्यांनी न्यूमोनिया म्हणून. औषधाची बाटली संपायची, ताप परत यायचा. विचारायचे मात्र सगळे एकच, "घरात कुणाला टीबी?" मी नाही म्हणायचे. सासूबाई माझ्याहून ठासून म्हणायच्या, "आमच्याकडे असलं काही नाही."

शेवटी ठाण्याला अ‍ॅडमिट केलं. एवढ्या लहान मुलांना बेडका थुंकता येत नाही, ती गिळून टाकतात. म्हणून सकाळी उपाशीपोटी नाकातून पोटात नळी घालून तो काढतात. हात मी धरलेले. ती रडत होती, "आई, नको ना." नवरा बाहेर चहा पीत होता.

रिपोर्टमध्ये काहीच आलं नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "लहान मुलांत जंतू कमी असतात, सापडले नाहीत म्हणजे टीबी नाही असं नसतं. एक्स-रे मला बरा दिसत नाही. घरात कुणाला असता तर आजच गोळ्या सुरू केल्या असत्या. त्या गोळ्यांनी शू लाल होते, तेवढ्याला घाबरायचं नाही."

लेक माझ्या मांडीवरून म्हणाली, "काकाची पण लाल होते. मी बघितली."

मी नवऱ्याकडे पाहिलं. तो फरशीकडे बघत होता.

माझा दीर वागळे इस्टेटला कामाला. कुणाला कळू नये म्हणून तिकडूनच गोळ्या आणत होता. का, तर त्याचं लग्न जमत होतं. नवऱ्याला ठाऊक, सासूबाईंना ठाऊक. मी परक्याची, मला कशाला सांगायचं? आणि माझी पोर काकाच्या कुशीत झोपत होती. ती नळी जाताना बापाला सगळं माहीत होतं, हे आठवलं की आजही माझं डोकं फिरतं.

गोळ्या त्याच दिवशी सुरू झाल्या. घरी आलो तर सासूबाईंनी आधी दार लावून घेतलं. "झालं ते झालं. आता पोरीचं कुठे बोलू नकोस. उद्या तिचंही लग्न व्हायचंय."

चार वर्षांच्या पोरीचं लग्न.

समोरच्या काकूंचा नातू दिवसभर आमच्याच घरात खेळायचा. मी कडी काढली. सासूबाई मागून "अगं, अगं" करत राहिल्या.

"काकू," मी दारातूनच सांगितलं, "नातवाला तपासून आणा. आमच्या घरात टीबी आहे."