तारेचं माप

महादेवीचा फोन आला तेव्हा मी मैदानावर चुन्याच्या रेषा आखून घेत होतो. "सर, अप्पा गेले," एवढंच ती म्हणाली, आणि मग पलीकडून नुसता रडण्याचा आवाज येत राहिला. मी हातातली दोरी तशीच धरून उभा. दुसऱ्या टोकाला असलेला माळी "सर, ताणा की" म्हणून ओरडत होता... मला काही केल्या ती ताणता येईना.

महादेवीचे अप्पा म्हणजे सिद्धप्पा, आमच्या महाविद्यालयाच्या मैदानाचे जुने माळी. मी तिथला क्रीडाशिक्षक. सिद्धप्पांचं मूळ गाव मंद्रूप. घरात कन्नड, बाहेर मराठी. तरुणपणी ते शहरातल्या एका यंत्रमाग कारखान्यात जॉबर होते, म्हणजे बिघडलेले माग दुरुस्त करणारे. कारखाना बंद पडला आणि ते आमच्याकडे आले. झाडांशी त्यांचं फारसं सख्य नव्हतं, हे प्रेमाने पण खरं सांगतो. त्यांनी लावलेला गुलाब फुललेला मी कधी पाहिला नाही. पण परदेशात गेलेल्या एका माजी विद्यार्थ्याने मैदानासाठी बसून चालवायचं गवत कापायचं यंत्र भेट दिलं, आणि सिद्धप्पांचं नशीबच उजळलं. आम्ही सगळे त्या लाल यंत्राभोवती नवरीभोवती फिरावं तसे फिरत होतो. हे मात्र सरळ जमिनीवर आडवे झाले आणि खालून डोकावून म्हणाले, "ह्ये तर मागच की सर! हितंबी सगळा खेळ पट्ट्याचाच हाय." त्या दिवसापासून ते यंत्र 'घोडं' झालं.

इंजिनाची ताकद चाकांपर्यंत नेणारा पट्टा असतो. तो झिजला की इंजिन नुसतं बोंबलतं आणि घोडं जागचं हलत नाही. दर दोन-अडीच वर्षांनी तो बदलायचा कार्यक्रम असे. सिद्धप्पा कपाळावरची विभूती सांभाळत गुडघ्यावर बसत, आधी प्लग काढून शर्टाच्या खिशात टाकत. "प्लग खिशात असला की यमालाबी गाडी चालू करता येत न्हाय," हे ठरलेलं वाक्य. मग पात्यांचा डबा खाली घ्यायचा, स्प्रिंग सैल करायची, जुना पट्टा एकेका चाकावरून उतरवायचा. नवा चढवताना ते पुटपुटत, "पोट खाचंत, पाठ सपाट चाकावर." पट्ट्याची निमुळती बाजू खाचेच्या चाकात आणि रुंद बाजू ताण देणाऱ्या साध्या चाकावर, असा त्याचा अर्थ. मी शेजारी पाने घेऊन उभा असायचो. ते मला शिकवायचे, मीही शिकल्यासारखं करायचो.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते सांगतो. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेच्या आधी पट्टा बदलायला आला होता. सिद्धप्पा पुतणीच्या लग्नाला गावी गेले होते, म्हणून मीच उत्साहाने जुना पट्टा काढला, सुतळीने त्याचं माप घेतलं आणि बाजारातून अगदी त्याच मापाचा नवा आणला. ते परतल्यावर मी तो त्यांच्या हातात ठेवला. त्यांनी तो दोन्ही हातांत धरून हलकेच ताणला. "सर, जरा लांब वाटालाय की."

"मापून आणलाय, सिद्धप्पा."

"बरं," ते म्हणाले, आणि त्यांनी तो चढवला.

अंतिम सामन्याच्या सकाळी निम्मं मैदान कापून झालं आणि घोडं मधोमध थांबलं. इंजिन ओरडतंय, चाकं ढिम्म. प्राचार्य पाहुण्यांना घेऊन फाटकातून येतच होते. दोन्ही संघ उभे. माझं डोकं फिरलं. मी सगळ्यांसमोर ओरडलो, "तुला साधा पट्टा बसवता येत नाही? इतकी वर्षं काय शिकलास?" वयाने माझ्यापेक्षा मोठा माणूस, ज्याला मी कायम 'तुम्ही' म्हणत आलो...  सिद्धप्पांनी चार खेळाडूंच्या मदतीने घोडं ढकलत शेडमध्ये नेलं आणि ढकलायचं जुनं यंत्र आणून उरलेलं मैदान हाताने कापलं. सामना पाऊण तास उशिरा सुरू झाला. त्यांचा शर्ट पाठीला चिकटला होता, ते मला सीमारेषेवरून दिसत होतं.

दोन दिवसांनी मी तो पट्टा घेऊन दुकानात भांडायला गेलो. दुकानदार हसला. म्हणाला, "जुन्याचं माप घेतलंत व्हय सर? तो वापरून वापरून ताणलेला असतोय. नंबर बघून घ्यायचा." माझ्या अंगावर कुणी गार पाणी ओतावं तसं झालं. बरोबर मापाचा पट्टा आणून मी सिद्धप्पांना दिला. म्हणालो, "हा दुसरा बसवा." का, कसा, काही सांगितलं नाही. त्यांनीही विचारलं नाही. मी मनाची समजूत घातली की त्यांच्या ध्यानात आलं नसेल. पण लांब वाटालाय असं तेच म्हणाले होते ना! माफी मागायची तर चौघांत मागायला हवी होती, आणि चौघांत माझी मान खाली जात नव्हती. ते निवृत्त झाले, तरी पट्टा बदलायला आपणहून येत राहिले. माझं मात्र उद्या, परवा चालूच राहिलं.

महादेवीच्या फोननंतर मंद्रूपला मी पोहोचलो तेव्हा त्यांना लिंगायत रीतीप्रमाणे बसवलं होतं. डोक्याला पटका, कपाळावर रुंद विभूती, पाठ ताठ. घोड्यावरही ते असेच बसायचे. मातीला जाताना मी चालत होतो आणि मनात 'चूक माझी होती' हे एकच वाक्य घोळत होतं. नंतर महाविद्यालयात शोकसभा झाली. मी उठून बोललो; त्यांची सचोटी, त्यांचा हात, सगळं बोललो. ते एक वाक्य तिथेही गिळलं. लाज वाटते लिहिताना.

मागच्या आठवड्यात महादेवी आली. पिशवीतून तिने प्लग काढायचा पाना दिला आणि एक तार... दोन्ही टोकं पिळून केलेलं मोठं कडं, जागोजागी गंज धरलेलं.

"अप्पांनी ठिवलंय तुमच्यासाठी. बरोबर मापाच्या पट्ट्यावरनं वाकवलंय म्हणाले. दुकानात ह्ये घिऊन जावा."

"कधी केलं होतं गं?"

"लई वर्षं झाली की. ती फायनलची म्याच झाली बगा, त्याच आठवड्यात." तिने रिकाम्या पिशवीची घडी घातली. "मी म्हणलं, मग देत का न्हाई सरांना? तर म्हणले, त्यांला कळंल की मला ठावं हाय. सरांला वाईट वाटंल. मी हाय तवर मी बगतो, मी गेल्यावर दे."

मी तिच्यासमोर रडलो. लपवलं नाही.

परवा शनिवारी पट्टा बदलला. तार घेऊन दुकानात गेलो, तिच्याशी लावून पट्टा घेतला. प्लग काढून खिशात टाकला आणि या वयात जमिनीवर आडवा झालो. पोट खाचेत, पाठ सपाट चाकावर. तीनदा चुकलं. काम झाल्यावर सगळ्या माळ्यांना आणि सरावाला आलेल्या पोरांना शेडपाशी बोलावलं आणि सांगितलं की त्या सामन्याच्या दिवशी चूक माझी होती, सिद्धप्पांची नव्हती. पोरं एकमेकांकडे बघत राहिली. त्यांच्यातल्या एकानेही तो सामना पाहिलेला नव्हता. ज्यांनी पाहिला ते आता कुठे कुठे पांगले आहेत, म्हणून इथे लिहितो आहे. त्यांच्यातल्या कुणी हे वाचलं तर दुसऱ्यालाही सांगावं.

सिद्धप्पा शेडमध्ये ज्या खिळ्याला टोपी अडकवत, त्यालाच ती तार अडकवली. घरी येऊन शर्ट काढताना खिशात काहीतरी जड लागलं. प्लग होता. मी तो परत बसवायचाच विसरलो होतो.