विद्यापीठाच्या गणिताची यादी

माझ्या मुलीला तिच्या गणिताच्या शिक्षकाने फसवलं. गोड बोलून, हसून फसवलं, आणि वर मेलमध्ये तिला शुभेच्छाही दिल्या.

इथे ऑकलंडला शाळेच्या शेवटच्या वर्षात काही मुलांना विद्यापीठाच्या पहिल्या वर्षाचं गणित घेता येतं. शाळा सुटत नाही. आठवड्यातल्या दोन दुपारी विद्यापीठाचे तास करायचे. मात्र शाळेने यादीत नाव पाठवावं लागतं. सप्टेंबरात पालकांच्या भेटीला आम्ही दोघं, मी आणि मुलगी, त्या शिक्षकासमोर बसलो होतो. विषय त्यानेच काढला.

"शाळेचं गणित हिला पुरत नाही," तो म्हणाला. "पुढच्या वर्षी विद्यापीठाचं घेऊ शकेल. त्यासाठी एक विषय सोडावा लागेल, बहुतेक फिजिक्स. आणि तिथले गुण विद्यापीठाच्या नोंदीत कायमचे राहतात."

कायमचे म्हटल्यावर मला माझी गुणपत्रिका आठवली. मी पुण्यात डिप्लोमा करून, दिवसा वर्कशॉपमध्ये राबत डिग्री काढली. एम-थ्रीने, म्हणजे गणिताच्या तिसऱ्या पेपरने, मला तीनदा आपटलं. ती गुणपत्रिका मी पुढे प्रत्येक नोकरीच्या मुलाखतीत जरा वाकडी धरून दाखवली आहे.

मुलगी पुढे सरकून बसली होती. मी टेबलाखाली तिच्या पायाला पाय लावला.

"फिजिक्स सोडणं आम्हाला जमणार नाही," मी म्हणालो. "बघू. विचार करतो." आणि उठलो.

मी जुन्या फोर्कलिफ्ट विकत घेतो, दुरुस्त करतो, विकतो. हा धंदा मी शून्यातून उभा केला, तो पहिल्या बोलीला कधी हो न म्हणता. तुळशीबागेत आईच्या मागे पिशवी धरून फिरताना शिकलो होतो: वस्तू हवी असली तर पाठ फिरवायची, दोन पावलं चालायचं. मागून हाक येतेच.

फ्लॅट बुश या आमच्या उपनगरात घरी जाताना मोटरवेवर मुलगी म्हणाली, "बाबा, व्हाय डिड यू से दॅट? आय वॉन्ट इट."

"तुला हवंय हे त्याला कळता कामा नये. दोन दिवस थांब. फिजिक्ससकट देतो म्हणून तोच फोन करेल."

"ही इज अ टीचर, बाबा. ही इज नॉट सेलिंग फोर्कलिफ्ट्स."

दोन दिवस गेले, आठवडा गेला. फोन सतत खिशात चाचपायचा. वर्कशॉपमध्ये कंप्रेसर चालू असला की रिंग ऐकू येणार नाही म्हणून मी तो बंद करायचो, आणि काम अडलं म्हणून पोरांवर ओरडायचो. एका गिऱ्हाइकाने सांगितलेल्या पहिल्याच आकड्याला चक्क हो म्हणून बसलो. रोज संध्याकाळी मुलगी दारातच विचारायची, "एनिथिंग?"

"अहो, करा ना तुम्हीच फोन," बायको म्हणाली. "जीभ झिजते का?"

"आपण केला की आपली गरज दिसते."

"मग दिसू दे! आहेच ना गरज?"

तिसऱ्या आठवड्यात मीच हरलो. फिजिक्स सोडायला तयार आहोत, असा मेल टाकला. दहा मिनिटांत उत्तर आलं. आधी किया ओरा, इथला माओरी नमस्कार, आणि मग: तुमच्या कुटुंबाला यात रस नाही असं मी समजलो. यादी गेल्या आठवड्यात विद्यापीठाकडे गेली. आता बदल होत नाही. ती शाळेच्या गणितातही छान करेल, तिला शुभेच्छा.

मी वर्कशॉप सोडून थेट घरी आलो, त्या माणसाला शिव्या देतच आत शिरलो. मुलीने मेल वाचला. रडली नाही. दप्तरातून विद्यापीठाच्या गणिताचा फॉर्म काढून माझ्यापुढे ठेवला. शाळेच्या वेबसाइटवरून घेऊन भेटीच्या आदल्या दिवशीच तिने तो भरला होता. फिजिक्ससमोर स्वतःच काट मारली होती. फक्त माझी सही राहिली होती.

"ही नेव्हर आस्क्ड मी," ती म्हणाली. मग थांबून, चक्क मराठीत, "तुम्ही पण नाही विचारलं, बाबा."

माझ्या वाट्याचं उत्तर मी तिला देईन; अजून शब्द जुळत नाहीत, पण देईन. पण म्हणून तो शिक्षक सुटणार नाही. मी त्याची भेट मागितली आहे आणि मिळेपर्यंत मागत राहणार आहे. मी घासाघीस करणारा माणूस, मला त्याची रीत ठाऊक नव्हती, कबूल. पण तो तर शिक्षक. दोन वर्षं तिला शिकवत होता. हाताच्या अंतरावर ती बसली होती, सतरा वर्षांची, धडधाकट, तोंड असलेली. बापाचा एक शब्द ऐकून त्याने तिचं नाव खोडलं. तिला एकदा तरी का विचारलं नाही? याचं उत्तर मला नको. तिच्यासमोर बसून, तिला द्यावं.