जुन्या भाषेतले कागद

गिरणीच्या ऑफिसात मी झाडलोट करायचे. तिथं बार्शीकडचा एक माणूस मुंबईच्या मोठ्या यंत्रासाठी, म्हणजे कॉम्प्युटरसाठी, बारीक रकान्यांच्या कागदावर सूचना लिहायचा. बाकीचे लिहिणारे चुकलं की खोडत. हा अख्खा कागद नव्यानं लिहायचा. रबर त्याला चालत नसे. मला तो हेका वाटायचा, पण त्याच्याइतके स्वच्छ कागद कुणाचेच नव्हते.

एकदा मुंबईहून कळवलं की ऑटोकोडर ही जुनी भाषा बंद, आता सगळं कोबॉल या नव्या भाषेत लिहा. बाकीचे खूश झाले.

"काका, तुमची भाषा मेली की!" एक जण म्हणाला.

तो हसला नाही. महिन्याभरात कोबॉल शिकला. पण जेवणाच्या सुट्टीत, डबा बाजूला सारून, जुन्याच भाषेत लिहायचा.

"हे कुणाला पाठवणार?" मी विचारलं.

"कुणाला न्हाय, मावशी. हे वाचणारं यंत्रच काढून टाकलं."

"मग कशाला पेन्सिल झिजवता?"

"बसा की जरा. वाचून दाखवतो."

मी बसले. इंग्रजी अक्षरं आणि आकडे तो सावकाश वाचू लागला. मला काही कळत नव्हतं. दोन कागद ऐकले आणि उठले, जिना पुसायचा राहिला होता. त्यानं वर बघितलं नाही. तो वाचतच राहिला.